आडोसा

‘सार्वजनिक’ हा मराठी भाषेतला मोठा फसवा शब्द आहे. तो गणपतीच्या आधी लागला की पावतीपुस्तक घेऊन दारात पोरं उभी राहतात, वाचनालयाच्या आधी लागला की दिवाळी अंकांची मधली पानं नाहीशी होतात, नळाच्या आधी लागला की तोटी जाते आणि शौचालयाच्या आधी लागला की भला माणूस नाकाला रुमाल लावून पुढच्या गल्लीत सटकतो. पुण्यात गणेश वासुदेव जोशी म्हणून एक वकील होऊन गेले. १८७० साली त्यांनी सार्वजनिक सभा उभी केली आणि लोकांनी त्यांनाच ‘सार्वजनिक काका’ करून टाकलं. सार्वजनिक होऊनही ज्याची मोडतोड झाली नाही, असं महाराष्ट्रातलं ते बहुधा एकमेव उदाहरण असावं.

आता हा शब्द दारूला चिकटू पाहतो आहे. सार्वजनिक ठिकाणी दारू प्यायला परवानगी असावी की नसावी, असा प्रश्न परवा आमच्या बँकेत दुपारच्या चहाला निघाला. बँकेत कामाचे प्रश्न काउंटरवर निघतात आणि विचाराचे प्रश्न चहाला. त्यातले चहाचे प्रश्न जास्त निकराने लढवले जातात, कारण त्यात कुणाला व्हाउचरवर सही करावी लागत नाही. आमचे हेडकॅशिअर म्हणाले, असावी. ते स्वतः सोडासुद्धा घेत नाहीत, ढेकर येते म्हणून. पण तत्त्वाची गोष्ट निघाली की त्यांना आवरत नाही. तत्त्वाचा अंमल सोड्याशिवाय आणि पाण्याशिवायही चढतो, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो. शेतीकर्जाचं टेबल सांभाळणारे आमचे अधिकारी म्हणाले, मुळीच नसावी, आपली काही संस्कृती आहे की नाही? हे गृहस्थ घेतात. शनिवारी घेतात आणि सोमवारी संस्कृतीबद्दल बोलतात. मधला रविवार डोकं धरून बसण्यात जातो.

मी कॉमर्सचा माणूस. मला प्रत्येक प्रश्नाच्या दोनच बाजू दिसतात, एक नावे आणि एक जमा, आणि त्या जुळल्याशिवाय मला झोप लागत नाही. हा प्रश्न काही त्या दिवशी जुळला नाही. म्हणून हा खटाटोप.

आमच्या गावाबद्दल ‘जालना, सोने का पालना’ असं म्हणतात. बियाणं, लोखंड आणि मोसंबी यांच्या जोरावर हा पाळणा हलतो, हे कुणीही मान्य करील. संध्याकाळी सातनंतर मात्र गावातली काही माणसं पाळण्याच्या मदतीशिवायच हलू लागतात. मोकळं मैदान, मिटलेल्या दुकानाचा ओटा, पुलाचा कठडा, सुट्टीतल्या शाळेचा व्हरांडा, जिथं चार माणसं मांडी घालून बसू शकतात तिथं ती बसतात. मध्ये फरसाणाची पुडी उघडली जाते आणि स्टीलचा एकच ग्लास चौघांत फिरतो. जालन्यातच असं आहे असं नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, हेच दिसेल. तेव्हा परवानगी द्यावी का असं विचारणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर ढगांना मंजुरी देण्यासारखं आहे. (मराठवाड्यातल्या माणसानं पावसाची उपमा देऊ नये, हे मला कळतं. पण दुसरी सुचत नाही.)

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. कायदा म्हणतो, दारूबंदी आहे. दचकू नका. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आजही जिवंत आहे. फक्त मुंबईच्या जागी त्याला आता महाराष्ट्र म्हणतात. तो झाला तेव्हा मोरारजीभाई मुंबई राज्याचे गृहमंत्री होते आणि आम्ही मराठवाडेकर नुकतेच निजामाच्या तावडीतून सुटलो होतो. निजामाच्या खजिन्यात अबकारीचा वाटा मोठा. त्या राज्यात शिंदीचं झाड म्हणजे एक सरकारी नोकरच होतं, फरक इतकाच की ते रात्रीसुद्धा काम करायचं. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९५९ साली हा कायदा आमच्याही गळ्यात पडला. पुढं वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना दारूबंदी सैल झाली, पण कायद्याचं नाव तेच राहिलं. त्यामुळं आज महाराष्ट्रात दारू विकायचा परवाना मिळतो तो दारूबंदीच्या कायद्याखाली. ब्रह्मचर्याश्रमानं लग्नाचे दाखले द्यावेत, तसं हे आहे.

विकणाऱ्याला लागतो तसा पिणाऱ्यालाही परवाना लागतो. वयाची पंचविशी पूर्ण हवी, बिअरला एकविशी चालते. मत अठराव्या वर्षी, पुरुषाचं लग्न एकविसाव्या वर्षी आणि दारू पंचविसाव्या वर्षी. म्हणजे कारणं आधी पुरवून ठेवलेली आहेत आणि औषध मागाहून. औषध हा शब्द मी गमतीनं वापरत नाही. हा परवाना आरोग्याचं रक्षण आणि संवर्धन करण्यासाठी दिला जातो, असं त्यात लिहिलेलं असतं! विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना आणि आजन्म परवाना एक हजार रुपयांना. कॉमर्सवाल्यानं इथं हिशेब करणं ओघानंच आलं: दोनशे दिवसांत भांडवल वसूल, पुढं सगळा नफा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी गिऱ्हाइकांना नाना योजना समजावून सांगितल्या. पण मुदत ‘आजन्म’ आणि फायदा ‘आरोग्य’ अशी योजना आमच्या कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती.

आणि याच कायद्यात पंच्याऐंशी नंबरचं कलम आहे. रस्त्यावर किंवा कुठल्याही सार्वजनिक ठिकाणी नशेत स्वतःचा तोल सांभाळता न येणं हा गुन्हा, नशेत धिंगाणा घालणं हा गुन्हा आणि परवाना नसताना नशेत सापडणं हासुद्धा गुन्हा. म्हणजे परवाना खिशात ठेवून, तोल सांभाळून, कुणालाही त्रास न देता, मनातल्या मनात झिंगलेला माणूस कायद्याच्या दृष्टीनं सज्जन ठरतो. वर्णन वाचून मला आमच्या ओळखीचे बरेच सज्जन आठवले. फक्त परवानेवाल्यानंही चारचौघांत प्यायची नाही. त्याच्यासाठी वेगळी खोली असावी. ‘परमिट रूम’ हा शब्द जन्माला आला तो असा.

परमिट रूमवर खरं म्हणजे एक स्वतंत्र लेख लिहायला हवा. तिथं परमिट कुणी विचारत नाही, आणि रूम दिसत नाही, कारण दिवे नसतात. बाहेरच्या उन्हातून आत शिरलेला माणूस दोन मिनिटं आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखा हात पुढं करून चालतो. हा अंधार वीज वाचवायला ठेवलेला नाही. आमच्यासारख्या गावात प्रत्येकजण प्रत्येकाला ओळखतो; शेजारच्या टेबलावर मुलाचे मास्तर, त्याच्या पलीकडे व्याही आणि कोपऱ्यात आपल्याच कर्जाचा जामीनदार बसलेला असू शकतो. अंधारात कुणी कुणाला दिसत नाही असं नाही. सगळे सगळ्यांना दिसतात. पण ‘दिसलं नाही’ असं दुसऱ्या दिवशी म्हणायची सोय राहते. मालक बिलात पैसे लावतो ते खरं म्हणजे या सोयीचे. दारू बाहेर दुकानात स्वस्त मिळते.

याला आमच्याकडं आडोसा म्हणतात. आणि मला या प्रश्नात जे काही म्हणायचं आहे ते या आडोशाबद्दल आहे.

आपण मध्यमवर्गीय माणसं रस्त्यावर पीत नाही याचा आपल्याला फार अभिमान असतो. पण आपण रस्त्यावर का पीत नाही? तर आपल्याला घर आहे. घरात बायको नको म्हणाली तर गच्ची आहे. गच्चीवर वडील झोपत असतील तर परमिट रूम आहे. परमिट रूममध्ये साहेब भेटायची भीती असेल तर शेजारचं छत्रपती संभाजीनगर आहे, तिथं ट्रेनिंगला जाता येतं. काळ्या काचांची मोटार आहे. आणि सगळ्यांत वरचा आडोसा म्हणजे मित्राचं शेत. माझ्यापुरतं सांगायचं तर मी वर्षातून दोनदा घेतो आणि दोन्ही वेळा हुर्ड्याच्या पार्टीला घेतो. चारी बाजूंनी ज्वारी उभी, वर आभाळ, खाली गोवऱ्यांचा विस्तव. खुल्या हवेत इतक्या उघडपणे पिणं मैदानातल्या त्या चौघांनाही जमणार नाही. पण सातबारा मित्राच्या नावावर असल्यामुळं ते ‘खाजगी’ असतं आणि आम्ही सुसंस्कृत असतो.

उलट, रोलिंग मिलमधला मजूर घ्या. आमच्या एमआयडीसीत लोखंड वितळतं, लाल सळया सळसळत बाहेर येतात आणि त्यांच्यापुढं बारा-बारा तास उभी राहणारी माणसं निम्मी बिहार-उत्तर प्रदेशची असतात. एका पत्र्याच्या खोलीत आठ-दहा जण. दिवसपाळीवाले उठले की त्याच सतरंजीवर रातपाळीवाले पडतात. या माणसानं दुकानातून क्वार्टर घेतली. (त्या दुकानावर ‘वाईन शॉप’ असं लिहिलेलं असतं आणि तिथं वाईन सोडून सगळं खपतं, हा वेगळाच विनोद.) दुकानदारानं पैसे घेतले, त्यातला कर सरकारला गेला, मजुराच्या हातात सीलबंद बाटली आली. दुकानात उघडायची नाही. दुकानासमोर उघडायची नाही. रस्त्यावर उघडायची नाही. परमिट रूममध्ये बाहेरची चालत नाही. खोलीत रातपाळीवाला झोपलाय. मग या माणसानं ती बाटली देव्हाऱ्यात ठेवून रोज फुलं वाहावीत अशी आपली अपेक्षा आहे काय?

हेडकॅशिअरांचा मुद्दा हाच होता, आणि तो मला खोडता आला नाही. ते म्हणाले, “अहो, सार्वजनिक ठिकाणी पिऊ नये या कायद्याचा अर्थ, ज्याला खाजगी ठिकाण नाही त्यानं पिऊ नये, एवढाच होतो. तुमच्या-माझ्यावर तो लागूच पडत नाही. तुमच्या घरावर दार आहे, म्हणून तुम्ही सदाचारी. त्याच्या घराला दार नाही, म्हणून तो गुन्हेगार. हा नीतीचा प्रश्न आहे का सुतारकामाचा?”

सुतारकामाचा! हा शब्द मला फारच लागला. मी त्या दिवशी घरी जाऊन आमचं दार नीट बघितलं. चांगलं सागवानी आहे.

मग त्यांनी परदेशाची उदाहरणं काढली. मराठी माणसाच्या वादात परदेश तिसऱ्या कपाला येतो. जर्मनीत म्हणे लोक बिअरची बाटली हातात घेऊन बागेत फिरतात आणि कुणी वळूनही बघत नाही. जपानात रस्त्यावर प्यायला बंदी नाही. हे सगळं खरं आहे. पण तिथंही गाडी उलट्या दिशेनं निघालेली दिसते. लंडनमध्ये २००८ च्या १ जूनपासून भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये प्यायला बंदी आली. आदल्या रात्री लोकांनी तिला असा निरोप दिला, की काही स्थानकं बंद करावी लागली. टोकियोतल्या शिबुया भागात २०२४ च्या ऑक्टोबरपासून संध्याकाळी सहा ते पहाटे पाच रस्त्यावर पिणं बंद केलंय. इतकंच कशाला, आपलं गोवा! ज्या गोव्याच्या नावानंच अर्ध्या महाराष्ट्राला ठसका लागतो, त्या गोव्यानं २०१९ साली समुद्रकिनाऱ्यासारख्या ठिकाणी उघड्यावर पिणाऱ्याला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार दंडाची तरतूद केली. फुटलेल्या काचा वाळूत दिसत नाहीत, पायाला लागतात. फार प्यायल्यानं गोव्याची संस्कृती बुडाली असं तिथं कुणी म्हटलं नाही. पायात काच घुसते म्हणाले. मला हे कारण संस्कृतीपेक्षा जास्त पटतं. संस्कृती दिसत नाही, काच दिसते. निदान रुतल्यावर.

आपल्याकडं मात्र दारू मीटरनं मोजण्याची पद्धत आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या डिसेंबरात हुकूम दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारूचं दुकान नको. हेतू अगदी चोख होता. गाडी चालवणारा माणूस थांबून घेतो आणि पुढं जाऊन कुणाला तरी चिरडतो. पुढं लहान गावांसाठी पाचशेचे दोनशेवीस झाले, आणि नंतर नगरपालिकांच्या हद्दीला त्यातून मोकळीकही मिळाली. पण मधल्या काळात केरळातल्या एका बारवाल्यानं कमाल केली. त्यानं दुकान हलवलं नाही. दुकानासमोर आडव्या-उभ्या भिंतींचा चक्रव्यूह बांधला. गिऱ्हाईक इकडून तिकडं, तिकडून इकडं वळत वळत अडीचशे मीटर जास्त चाललं की बार! अंतर भरलं, कायदा राहिला. परतीच्या वाटेवर त्या चक्रव्यूहातून किती अभिमन्यू बाहेर पडले असतील याची मात्र मला काळजी वाटते.

या मीटरवरूनच मला माझ्या मुलीची गोष्ट सांगायची आहे. ती दहावीला आहे. तिची शिकवणी साडेसातला सुटते. शिकवणीपासून आमचं घर मैदानातून आलं तर तीन मिनिटांवर आहे, चौकाला वळसा घालून आलं तर चौदा. गेल्या पावसाळ्यापासून ती पावणेआठला घरी येते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तिच्या आईच्या आलं. विचारलं तेव्हा म्हणाली, “चौकातून येते ना, बाबा.” कुणी काही बोललं का? नाही. कुणी आडवं आलं का? नाही. कुणी बघितलं तरी का? “तसं काही नाही हो. ते बसलेले असतात.”

ते बसलेले असतात! एवढंच. त्यांनी काहीही केलेलं नाही. पंच्याऐंशीच्या कलमात बसेल असं तर काहीच नाही; तोल गेला नाही, धिंगाणा नाही. दमलेली माणसं, एक ग्लास, फरसाणाची पुडी. पण मैदानाच्या त्या कोपऱ्यातून आमच्या गल्लीतल्या पोरी, भाजी घेऊन येणाऱ्या बायका आणि काठी टेकत फिरायला जाणारे एक निवृत्त मुख्याध्यापक हळूहळू नाहीसे झाले, आणि कुणी एक अक्षर बोललं नाही. केरळातल्या बारवाल्यानं निदान पिणाऱ्याला जास्त चालवलं. आपण न पिणाऱ्याला चालवतो.

हेडकॅशिअरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “पण त्यात त्यांचा काय गुन्हा?” गुन्हा नाही, हे मलाही मान्य आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. कुणी पिताना दिसणं, यानं कुणाचं काही बिघडत नाही. आपण टीव्हीवर रोज बघतो, लग्नाच्या वरातीत बघतो, वरातीत तर नवऱ्या मुलाचे मामाच असतात. दिसण्याबद्दल तक्रार करणारा माणूस बहुधा स्वतःच्या आडोशाची जाहिरात करत असतो. पण जिथं चार माणसं प्यायला बसली की दुसऱ्या चाळीस जणांना तिथून जाता येत नाही, ती जागा सार्वजनिक उरलेली नसते. त्या चौघांनी ती न भांडता, न बोलता, नुसती मांडी घालून खाजगी करून टाकलेली असते. सातबाऱ्याशिवाय.

मग चहाच्या टेबलावरचं हे सगळं सोडून मी आमच्या मावशींना विचारलं. मावशी म्हणजे बँकेत सकाळी झाडलोट करतात त्या. त्यांचा नवरा मोंढ्यात हमाली करतो आणि संध्याकाळी नेमानं घेतो. अशा प्रश्नावर तज्ज्ञ म्हणून बोलायचा अधिकार कुणाला असेल तर त्यांना. मी म्हटलं, “मावशी, रस्त्यावर प्यायला सरकारनं परवानगी द्यावी का?”

मावशींनी केरसुणी थांबवली. “कुठं प्यावी मंग, साहेब?”

“घरी.”

“घरी?” मावशी हसल्या. “घर म्हंजे दोन पत्रे हायेत. एकाखाली पोरं, एकाखाली चूल. घरात बसला तर ग्लास मीच धुवायचा, कांदा मीच चिरायचा, आन् पुन्हा बोलणी मीच खायाची. बाहेर पिऊन दहाला आला तर पोरं झोपलेली तरी असतेत.”

मी म्हटलं, “म्हणजे बाहेरच बरं?”

“बाहेर म्हंजे आमच्याच नळाच्या वाटेवर बसतेत ना ते. पाणी येतं रातच्याला आठला. मही पोरगी हंडा घेऊन जाती का?” आणि केरसुणी परत चालू करत त्या म्हणाल्या, “जरा पाय वर घ्या.”

पाय वर घेऊन मी विचार करत बसलो. माझी पोरगी आणि मावशींची पोरगी, दोघी एकाच वेळेला, गावाच्या दोन टोकांना, एकाच कारणासाठी लांबच्या वाटेनं चालल्या होत्या. फरक एवढाच, की माझ्या पोरीच्या हातात दप्तर होतं आणि मावशींच्या पोरीच्या डोक्यावर हंडा.

आणि घराचं मावशींनी जे सांगितलं ते काही नवं नाही. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यात तळीराम आणि त्याच्या आर्यमदिरामंडळाला आपण हसतो. सुधाकर वकील, चांगला शिकलेला. पण सिंधूचं जे वाटोळं होतं ते रस्त्यावर होत नाही, घरात होतं. भर दारूबंदीच्या काळातसुद्धा डोळे पुसत हे नाटक बघून आलेल्या लोकांनी मनाशी काय ठरवलं असेल? तर प्यायची झाली तर घरात, चारचौघांत नको. शंभर वर्षं झाली. आजही पोलिसाची शिट्टी मैदानात वाजते आणि मारहाण पत्र्याच्या आत होते, सागवानी दाराच्या आतही होते. दाराला आवाज अडवता येतो, हाच सागवानाचा गुण.

बायकांनी या प्रश्नावर एक उत्तर काढलंय. २००८ पासून महाराष्ट्रात अशी सोय आहे, की गावातल्या पाव भाग महिला मतदारांनी अर्ज केला तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: उभी बाटली आणि आडवी बाटली. एरवी उमेदवार निवडून आल्यावर आडवा होतो. इथं तो आधीच आडवा असतो. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. एकूण पैकी, आलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे जी बाई शेतात गेली, जी माहेरी गेली, जिला नवऱ्यानं दारातून बाहेर पडू दिलं नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. तरीसुद्धा गावोगावच्या बायकांनी बाटल्या आडव्या करून दाखवल्या आहेत. मला या मतदानातलं एक फार आवडतं. त्यात दारू पापी की पुण्यवान हा प्रश्नच नाही. आमच्या गावात, आमच्या वाटेवर ती हवी की नको, एवढंच विचारतात, आणि विचारतात ते पिणाऱ्याला नाही, त्या वाटेनं चालणाऱ्याला.

बँकेत ‘सस्पेन्स’ नावाचं एक खातं असतं. जी रक्कम कुणाच्या खात्यावर टाकायची हे कळत नाही ती तात्पुरती तिथं टाकतात. हुशार मॅनेजर ते खातं रोज बघतो, आळशी मॅनेजर मार्चमध्ये बघतो, आणि तेवढ्यात त्याची बदली होते. आपल्या समाजाचं सस्पेन्स खातं म्हणजे रस्ता. ज्याला घर नाही तो रस्त्यावर, ज्या गाईचं दूध आटलं ती रस्त्यावर, ज्या मंडळाला हॉल परवडत नाही त्याचा मांडव रस्त्यावर, आणि सरकारनं कर घेऊन विकलेली पण प्यायला जागा न दिलेली दारू, तीही रस्त्यावर. मजुराला बसायला एखादी स्वस्त, उजेडाची, चार बाकांची जागा द्यावी, तिथं पाण्याचा माठ असावा, काच परत घ्यावी आणि दहाला दार लावावं, असं मी म्हटलं तर शेतीकर्जवाले साहेब म्हणतात हे दारूला उत्तेजन आहे. मी म्हटलं, साहेब, तुमच्या शनिवारला कुणाचं उत्तेजन असतं? त्यांनी चहा संपवला आणि एका शेतकऱ्याला आत बोलावलं.

सबब माझं मत नोंदवून ठेवतो. वाटेवर नको. मैदानात नको, नळावर नको, शाळेच्या व्हरांड्यात तर अजिबात नको. पण हे म्हणताना मला संस्कृतीची साक्ष काढायची नाही, आणि ज्याला दार नाही त्याच्याकडं सागवानाच्या फटीतून बघून नाक मुरडायचं नाही. जमा आणि नावे जुळले का? नाही. मजुराच्या खात्यावर चार बाकांची बाकी येणे आहे आणि ती कोण भरणार हे अजून लिहायचं राहिलं आहे.

मध्यंतरी आमच्या मैदानाच्या एका बाजूला एक उंच दिवा लागला. कशासाठी लावला कोण जाणे, बहुधा कुणाचा तरी वाढदिवस असावा. पहिल्या दिवशी त्या चौघांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं, पुडी गुंडाळली आणि ते पलीकडच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसले. आठवड्याभरानं मुख्याध्यापक दिव्याच्या बाजूनं काठी टेकत फेऱ्या मारू लागले. मुलगी आता सात वाजून तेहेतीस मिनिटांनी घरी येते. मावशींच्या नळाकडं अजून दिवा नाही. त्यांच्यासाठी मी अर्ज लिहून दिला आहे, खाली त्यांनी अंगठा नाही, सही केली आहे.